आपाच्या गिऱ्हाइकांची मापं

आमच्या मंगरूळपीरला बाया अंगाचं माप सहसा देत नाहीत, मापाचा ब्लाऊज देतात. चांगला चापून बसलेला एखादा जुना ब्लाऊज नव्या कापडासोबत पिशवीत टाकायचा आणि "याच्यासारखा शिव" म्हणून शिवणारीच्या हवाली करायचा. टेप अंगाला लावून घ्यायची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर आपण किती सुटलो तो आकडा कोणालाच ऐकायचा नसतो. अडचण एकच. चांगला बसणारा ब्लाऊज घरात एखादाच असतो, आणि कोणाकडं वास्तू, कोणाकडं बारसं निघालं की तोच घालायचा असतो. मग बाई दुसऱ्या दिवशी दारात हजर. "आपा, मापाचा दे ना व जरासा. उद्या आणून देतो." तो उद्या काही उगवत नसे आणि कापड तसंच पडून राही.

आपा म्हणजे दर्ग्याकडं जाणाऱ्या गल्लीतली, बायकांचे कपडे शिवणारी. वयानं माझ्या आईएवढी, नवरा वारलेला, पोरी सासरी. घर मुसलमान गल्लीत, पण गिऱ्हाइकं साऱ्या गावची. पेठेतल्या दुकानदारांच्या बायका, तहसीलमधल्या मॅडम, पोहरादेवीकडच्या तांड्यांवरून लग्नाचं कापड घेऊन येणाऱ्या बाया, सगळ्यांची ती आपा. माझं माहेर धनजचं. लग्न होऊन इथं आले, बी.ए.चं सर्टिफिकेट कपाटात ठेवलं, आणि घरी बसून जीव उबगला तेव्हा तिच्याकडं शिवण शिकायला गेले. शिकणं संपलं तरी परत गेले नाही. तिच्या पुढच्या खोलीत माझीही मशीन लागली. ती कापायची, मी शिवायची, आणि दिवसभर दोघींच्या तोंडाचे पट्टे चालू.

मापं मोबाईलमध्ये ठेवायची ही अक्कल माझी. शिवणकाम करणाऱ्यांसाठी एक ॲप निघालं होतं. बाईचं नाव टाका, नंबर टाका, मापाचा ब्लाऊज एकदाच टेबलावर पसरून मोजा आणि आकडे भरून ठेवा. पुन्हा ब्लाऊज मागायला नको. आपाला पटलं, कारण त्या "उद्या आणून देतो"ला ती कंटाळली होती. फोन तिचा, बोटं माझी. नंबर मात्र जवळजवळ सगळे पुरुषांचे आले. आमच्याकडं बाईला नंबर विचारला की ती नवऱ्याचा सांगते, नाहीतर सासऱ्याचा, नाहीतर दुकानाचा. "कपडे झाले की यायले फोन करजो, येता येता घेऊन येतीन." मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी तरी माझा नंबर कुठं देते? गॅसवाल्याकडं, शाळेत, सगळीकडं आमच्या यांचाच आहे.

ॲप फुकटात थोड्याच बायांची मापं ठेवू देत होतं. पुढं परवाना घ्या म्हणायचं, दरवर्षी पैसे भरा. बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्यानं त्याच ॲपची 'फुल' फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली. "ताई, याले पैसे लागत नाई, फक्त अपडेट मारू नका." फोननं टाकताना विचारलं, ही फाईल धोक्याची असू शकते, तरीही टाकायची? मी तरीही टाकली. चोरीचा माल घेतोय असं मनाला शिवलंसुद्धा नाही. उलट केवढी हुशार मी, असं वाटलं. पुढं ॲप उघडलं की रोज सांगायचं, नवीन अपडेट आलं आहे, आणि मी रोज 'नंतर' दाबायची.

त्या ॲपमध्ये मापांच्या खाली 'टीप' नावाचा एक रिकामा रकाना होता. रिकामी जागा दिसली की मला ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. कोणाचा उजवा खांदा उतरता, कोणाला बाहीत अस्तर नको, ते सगळं मी तिथं लिहायला लागले. एका सुनेसाठी लिहिलं होतं, "गळा खोल हवा, सासूसमोर पदर घेते." वाचून मीच हसले होते.

आणि काकूंची टीप लिहिली.

काकू म्हणजे पेठेतल्या कृषी केंद्रवाल्यांची धाकटी सून. दोघं भाऊ एकत्र, एक स्वयंपाकघर, खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर घर. पुतणे काकू म्हणत म्हणून सारं गावच काकू म्हणायला लागलं. त्या घरचं लग्नकार्य, पापड, शेवया, लोणची, सगळं काकूंच्या हातचं. त्यांच्या छातीत गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं आणि डावी बाजू काढून टाकावी लागली. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक. बाकीच्यांना पित्ताशयाचे खडे काढले म्हणून सांगितलं होतं. बऱ्या होऊन आल्या आणि पहिल्या आपाकडं आल्या, कारण ब्लाऊज आता कोणताच बसणार नव्हता. आपानं मऊ कापडाचं पॅड करून ते अस्तरात असं बसवलं की पाहणाऱ्याला काही कळू नये. खोलीत आम्ही तिघीच. काकू म्हणाल्या होत्या, "घरात समजलं का मी कोनाची जाऊ राहात नाई, कोनाची काकू राहात नाई, नुसती बीमारी होऊन जातो. माह्या हातचं खाताना घास अडकन लोकायचा. एवढं कोनाले कयू देऊ नका व." बोलताना त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

मी मापं भरत होते तेव्हा आपा म्हणाली, "पॅडचं नोको लिवू. ते माह्या डोक्यात हाय."

मी लिहिलं. आपा तेव्हा पोरीकडं जाऊन राहायची म्हणत होती. तिच्यामागं काकूंचा ब्लाऊज आला तर मला आठवायला नको? फोन आपाचा, उशाखाली ठेवून झोपणारी बाई, कोण पाहणार आहे? "डावी बाजू ऑपरेशनमध्ये काढली आहे. पॅड लावणे." टापटीप अक्षरांत.

लग्नसराई ऐन भरात होती. एका सकाळी कापड पसरून आपा कात्री घेऊन बसली, मी माप सांगायला फोन उघडला, तर पडद्यावर कुलूप. "परवाना तपासता आला नाही. आपली माहिती पाहण्यासाठी ॲप अद्ययावत करा." सगळ्या बायांची मापं आत आणि आम्ही बाहेर. दारात तांड्यावरची नवरीची आई बसलेली, तिला दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. मी मोबाईलवाल्याला फोन केला. "आता मारून टाका ताई अपडेट, डेटा कुठं जात नाई," तो म्हणाला. अपडेट मारलं. मग एकेक पाटी यायला लागली. संपर्क वाचू द्यायचे का? द्या. संदेश पाठवू द्यायचे का? द्या. व्हॉट्सॲप जोडायचं का? जोडा. नव्या अटींचं एक लांबच लांब पान आलं, त्याच्या तळाशी बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या चौकटी आणि 'मी सहमत आहे'.

आपानं कात्री हातात धरूनच विचारलं, "काय लिवलं व त्यात?"

"काई नाई, नेहमीचंच," मी म्हटलं आणि दाबलं.

आपाला मराठी वाचता येतं, पण अडखळत. म्हणून तर तिनं मला विचारलं. माझ्याकडून एवढंच तर तिला हवं होतं. कुलूप उघडलं, मापं दिसली, मी आनंदानं नवरीची छाती-कंबर वाचून दाखवली आणि आपानं कापड कापलं.

जेवायच्या वेळेपर्यंत फोन वाजायला लागला. पहिला एका बाईच्या नवऱ्याचा, हसत हसत. "आपा, हे काय पाठोलं? कंबर एवढी हाय का हिची? मले तं कमी सांगते!" आम्हाला काही कळेना. मग दुसरा, मग तिसरा. आपाच्या व्हॉट्सॲपवर पाहिलं तर यादीतल्या प्रत्येक नंबराला आपाच्या दुकानाच्या नावानं निरोप गेला होता. "नमस्कार. आपली मापे नव्या आवृत्तीत सुरक्षितपणे जतन झाली आहेत. कृपया तपासून घ्या." खाली बाईचं नाव, मग छाती, कंबर, बाही, गळा. त्याखाली टीप. तो खोल गळा सासूच्या लेकाच्या फोनवर गेला होता. कॉलेजातल्या पोरींची मापं त्यांच्या बापांना गेली होती.

आणि मला काकूंचा नंबर आठवला. त्यांनी दुकानाचा नंबर दिला होता. तो फोन दुकानाच्या काउंटरवर पडलेला असतो. मोठे दीर उचलतात, नोकर उचलतात, औषध घ्यायला आलेला ओळखीचा माणूसही "कोणाचा आहे बघ रे" म्हटलं की उचलतो. मी निरोप पुसायला गेले तर त्याच्यापुढं दोन्ही निळ्या खुणा आल्या होत्या. कोणीतरी वाचून मोकळा झाला होता.

मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला, जीव खाऊन बोलायचं ठरवून. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आपला परवाना क्रमांक सांगा." माझ्याकडं परवानाच नव्हता. मी फोन ठेवला. मग ते अटींचं पान उघडून बसले आणि पहिल्यांदा वाचलं. ग्राहकांना मापं आपोआप पाठवली जातील, नको असल्यास खूण काढा, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. स्वच्छ मराठीत. मला दुसऱ्या कोणावर रागवायला जागाच ठेवली नव्हती.

कृषी केंद्रवाले मोठे दीर दुसऱ्या दिवशी आपाच्या दारात आले, सोबत पेठेतले आणखी दोघं. आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "आमच्या घरच्या बायांचे मापं तुमच्या फोनात कायले? कोनी सांगतलं होतं तुमाले?"

मी उठून पुढं झाले. "भाऊ, ते मी केलं. आपाले त्यातलं काई येत नाई. ॲप मी टाकलं, टीप मी लिवली, बटन मी दाबलं. आपा तं नोको म्हणत होती."

"वयनी, तुमी मधात नोका पडू," ते म्हणाले. "तुमाले कोनी बोलून राह्यलं का?"

"पण मीच..."

"तुमी भोळ्या हा. दुसऱ्याचं कायले अंगावर घेता?"

हे मी त्यानंतर किती जणांना सांगितलं त्याला गणती नाही. भाजीवाल्यापाशी भेटलेल्या बायकांना सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, आमच्या सासूबाईंना तर रोज सांगायची. सगळ्या ऐकून घेत आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत. "तू लय चांगली हायेस, म्हणून तिले झाकून घेऊन राह्यली." एक शिकलेली मॅडम तर म्हणाली, त्या लोकांच्या फोनात आपल्या बायांची माहिती असूच नये, तू कशाला त्या घरी बसतेस? माझा एवढा संताप झाला की मी तिच्या अंगावर ओरडले. तीही नंतर म्हणाली म्हणे, बिचारी घाबरली आहे. माझा गुन्हा कोणी माझ्याकडून घेईचना. मी तो उघड्यावर हातात धरून गावभर फिरत होते आणि सगळे तो आपाच्या दारात नेऊन टाकत होते.

आपा मला काही बोलली नाही, एकदाच सोडून. सुईत दोरा ओवत होती, मान वर न करता म्हणाली, "तुले पुसलं होतं मी. काय लिवलं म्हणून."

मी रडले. तिनं रडू दिलं. पाणी दिलं, पण गप्प बस म्हणाली नाही.

हळूहळू पेठेतली पिशवी तिच्याकडं यायची बंद झाली. एक दिवस तिनं शेजारच्या हातगाडीवाल्याला बोलावलं आणि माझी मशीन गाडीवर चढवली. "घरी शिव. इथं कोनी येत नाई, तिथं येतीन. लोकायनं कपडे घालनं थोडीच सोडलं?" मी म्हटलं, कापड मी इकडं आणते, तुम्ही कापा, मी शिवते, कोणाला कळणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. "लपून कापू मी? इतले वर्स दार उघडं ठेवून कापलं." आणि हातगाडीवाल्याला चल म्हणाली. ती आता गल्लीतल्या पोरांचे शाळेचे ड्रेस आणि बुरखे शिवते. दर्ग्याकडं जायचं असलं की मी दुसऱ्या वाटेनं जाते. तिथून गेले तर ती आत बोलावेल, चहा टाकेल, आणि ते मला सोसवत नाही.

माझ्याकडं काम वाढलं. खोटं नाही सांगत, खूप वाढलं. आपाची सगळी पेठ माझ्या व्हरांड्यात यायला लागली, पिशवीत मापाचे ब्लाऊज घेऊन. आमचे हे खुश, सासूबाई खुश. प्रत्येक नवं गिऱ्हाईक आलं की मला आपाचं रिकामं दार आठवायचं आणि तरी मी पिशवी घ्यायची. नाही म्हणून पाहिलं एक-दोघींना. त्या पार तिकडं कारंज्याला गेल्या शिवायला, आपाकडं काही गेल्या नाहीत.

काकूंचं काय झालं ते कानावर येत होतं. कोणी त्यांना टाकून बोललं नाही, ताट वेगळं केलं नाही. उलट घरच्यांनी त्यांना फार जपलं. मोठ्या जावेनं स्वयंपाकघरातून उठवलं, "तू आराम कर." पुतणीच्या लग्नाचे पापड लाटायला बाया जमल्या तर काकूंना पंख्याखाली खुर्ची टाकून बसवलं आणि लाटणं हातात देईनात. लग्नात लोक येऊन भेटून जात, तब्येत विचारत, आणि विचारताना त्यांची नजर चेहऱ्यावरून खाली घसरे. मीही त्या लग्नाला गेले होते. काकूंनी साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता, भर उन्हाळ्यात. मी समोर जाऊ शकले नाही. जेवले नाही, आहेर देऊन मागच्या दारानं निघाले.

आणि मग एका दुपारी काकू माझ्या व्हरांड्यात आल्या. सोबत मोठी जाऊ, आधाराला म्हणून त्यांचा दंड धरून. जाऊबाईच बोलल्या, "हिचे ब्लाऊज आता तूच शिवत जाय. तुले समदं माहीतच हाय." मग त्या आमच्या सासूबाईंपाशी बोलत बसल्या आणि मी काकूंना आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं.

मला वाटलं, आता ही वेळ आहे. मी त्यांचे पाय धरायला वाकले.

"उठ," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, बाहेर जाऊ होती. "मले मालूम हाय कोनी लिवलं ते. आपाले लिवता येत नाई तितलं चांगलं."

गावात एवढं ओरडून जे कोणी ऐकलं नव्हतं, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि लाज वाटते सांगायला, त्यात थोडी सुटकाही होती. निदान एका माणसानं तरी मला ओळखलं.

काकूंनी पदर बाजूला केला, पिन काढून दातात धरली, मग ती हातात घेऊन म्हणाल्या, "घरचे आपाकडं जाऊ देत नाईत मले. म्हणून तुह्याकडं आली. तुले माफ केलं म्हणून नाई."

"हो काकू," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात वर केले. मी टेप घेऊन पुढं झाले.